नऊ नंबरच्या बाईंचा पक्ष

अकरा ओळींचे एक पत्र, आणि येत्या शुक्रवारपर्यंत हा विषय केल्डविक गावातून कायमचा मिटेल, याबद्दल अँब्रोज हॅलिवेल यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पाणीपुरवठा कचेरीत अडतीस वर्षे त्यांनी गळक्या नळांच्या नोटिसा लिहिल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही नोटिशीत कोणाला व्याकरणाची चूक दाखवता आली नव्हती. तसा प्रयत्न कोणी केला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

विषय होता ‘स्क्रिंग’ या क्रियापदाचा. हा शब्द कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही. केल्डविक आणि डोंगराकडची दोन खेडी सोडली तर उत्तर इंग्लंडातसुद्धा तो कोणाला कळत नाही. प्रार्थना, गणिताचा तास, लांबलेले भाषण, सासरची मंडळी अशा कुठूनही कोणाचे लक्ष नाही असे पाहून बाहेर पडणे म्हणजे स्क्रिंग. आपण ज्याला सटकणे म्हणू ते. फरक इतकाच की सटकणारा एकटा सटकू शकतो. स्क्रिंग करायला मात्र सोबती लागतो, निदान कुंपणाची सुटी फळी पलीकडून उचलून धरायला तरी.

गावच्या ‘मेसेंजर’ साप्ताहिकात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची बातमी आली होती. ही मंडळी सकाळच्या प्रार्थनेतून नदीवर कशी ‘स्क्रिंग्ड’, याचे त्यात रसभरीत वर्णन होते. हॅलिवेल यांचा चहा तिथेच निवला. स्क्रिंग्ड? भूतकाळात ‘सिंग’चे जसे ‘सँग’ होते तसे ‘स्क्रिंग’चे ‘स्क्रँग’ होते, हे त्यांच्या पिढीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होते. त्यांनी पत्र लिहिले, तीनदा उतरवून काढले आणि स्वतः जाऊन मेसेंजरच्या कचेरीत दिले.

शुक्रवारी पत्र छापून आले. हॅलिवेल यांनी चांगला निळा स्वेटर घातला आणि ते गावात निघाले. लोक थांबवतील, विचारतील, एखादा वाद घालील. म्हणून त्यांनी खिशात आणखी सहा उदाहरणांचा कागद ठेवला होता. पावाच्या दुकानात इस्मेबाई टॅटर्सल यांनी त्यांना लहान तपकिरी पाव दिला आणि पिशवी हवी का, एवढे विचारले. वाचनालयात मेसेंजर टेबलावर उघडा पडला होता, पण मेंढ्यांच्या भावाच्या पानावर. औषधांच्या दुकानात मात्र कोणीतरी मोठ्याने “मिस्टर हॅलिवेल” अशी हाक मारली. ते लगबगीने वळले. त्यांच्या गोळ्या तयार होत्या.

या हाकेचे महत्त्व सांगायला हवे. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत हॅलिवेल यांना नावाने हाक मारणारे केल्डविकमध्ये हे एकच ठिकाण उरले होते. रक्तदाबाच्या आणि पोटाच्या गोळ्या एकाच दिवशी मिळत असताना त्यांनी त्या मंगळवार आणि शुक्रवार अशा मुद्दाम वाटून घेतल्या होत्या. त्यामुळे हाक आठवड्यातून दोनदा ऐकू येई.

पुढच्या शुक्रवारी पत्रांच्या पानावर हिरवळीवर घाण करणारा कुत्रा होता, बसथांब्याचे फुटलेले छप्पर होते आणि भर दिवसा घुबड पाहिलेले एक गृहस्थ होते. हॅलिवेल यांच्या विरोधात एक अक्षर नव्हते. बाजूनेही नव्हते. आपला मुद्दा इतका बिनतोड होता की कोणाची बोलायची हिंमत झाली नाही, असे त्यांनी दोन दिवस स्वतःला समजावले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओळखले की विरोधक नसलेला मुद्दा हा रिकाम्या खोलीत वाजवलेल्या घंटीसारखा असतो. विरोधक पाहिजे. आणि तो गाव देत नसेल, तर घरी तयार करावा लागेल.

मेसेंजर पत्रलेखकाचे नाव आणि गल्ली छापत असे. घराचा क्रमांक फक्त कचेरीला कळवावा लागे. टॅनर गल्लीत हॅलिवेल यांच्या बरोबर समोरचे नऊ नंबरचे घर रिकामे होते. घरमालक वर्षभरासाठी स्पेनला मुलाकडे गेला होता आणि आठवड्यातून एकदा नळ सोडून नळ्या वाहत्या ठेवायला किल्ली हॅलिवेल यांच्याकडे देऊन गेला होता. अशा रीतीने नऊ नंबरात मिसेस व्हेरिटी प्रॉक्टर राहायला आल्या.

त्यांचे पहिले पत्र चार ओळींचे होते. “मिस्टर हॅलिवेल शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपैकी असावेत. जे कधी कुंपणापलीकडे गेलेच नाहीत, त्यांनी कुंपणापलीकडचा भूतकाळ आम्हाला शिकवू नये. आम्ही ‘स्क्रिंग्ड’च म्हणत असू. पळताना स्वर बदलायला सवड नसते.”

शेवटचे वाक्य लिहून हॅलिवेल यांनी पेन खाली ठेवले आणि त्यांना राग आला. राग खरा होता. ते खरोखरच पहिल्या बाकावर बसत. नदीवर ते एकदाही गेले नव्हते. त्यांच्यासाठी फळी कोणी धरलीच नव्हती. ही गोष्ट या बाईला कळण्याचे काही कारण नव्हते. त्यांनी त्याच बैठकीत बाईंना सणसणीत उत्तर लिहिले, आणि त्या दिवशी रात्रीचे जेवण करायचे राहून गेले आहे हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी ध्यानात आले.

यानंतर मात्र गावाने वाद उचलला. खाटकाने दुकानाबाहेरच्या फळ्यावर आजच्या मटणाखाली दोन्ही रूपे लिहून गिऱ्हाइकांची मते मागवली. दारूच्या गुत्त्यात बाण मारण्याच्या खेळाला दोन तट पडले, एक स्क्रँगवाले आणि एक स्क्रिंग्डवाले. मेसेंजरच्या संपादक बर्निस टॉड यांनी पत्रांना अर्धे पान वाढवून दिले. खेदाची बाब अशी की अर्ध्या पानातले जवळजवळ सगळे लोक व्हेरिटीबाईंच्या बाजूचे होते. हॅलिवेल यांच्या बाजूने एकच पत्र आले, आणि ते घुबड पाहिलेल्या गृहस्थांचे होते.

बाईंना हरवणे सोपे आहे, असे हॅलिवेल यांना वाटले होते. पेन तर त्यांच्याच हातात होते. पण अनुभव वेगळा आला. स्वतःच्या बाजूने लिहिताना त्यांना संदर्भ सुचत; बाईंच्या बाजूने लिहिताना गंमत सुचे. त्यांनी तीन शतकांची उदाहरणे द्यावीत आणि बाईंनी एका ओळीत विचारावे, की ही तीन शतके मिस्टर हॅलिवेल घरीच होते का. लोक हसत. हॅलिवेल यांनाही लिहिताना हसू येई, आणि शुक्रवारी छापून आले की तेच वाचून ते घुश्शात दुसरे पत्र लिहायला बसत.

पावाच्या दुकानात आता पिशवीखेरीज इतरही विषय निघू लागले.

“तुमचं पत्र वाचलं हो,” इस्मेबाई पाव बांधता बांधता म्हणाल्या. “व्याकरण तुमचं बरोबर असेलही. पण एकट्या राहणाऱ्या बाईला असं लिहितात का?”

हॅलिवेल म्हणाले की बाई स्वतः काही कमी नाहीत.

“त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बोलण्यात माणुसकी आहे.”

हॅलिवेल यांनी गरज नसताना एक गोड पाव आणखी घेतला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, आणि तिसऱ्या दिवशीही. बोलणी खाण्यासाठी का होईना, माणसे त्यांच्याशी बोलत होती.

टॅनर गल्लीत नवे बिऱ्हाड येण्याजोगे घर एकच होते, त्यामुळे नऊ नंबरच्या दारात भेटी येऊन पडू लागल्या. गूजबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या, जांभळी विणलेली शाल, चहाची आमंत्रणे. नवे शेजारी कोण आले हे केल्डविकमध्ये विचारीत नाहीत, ते असभ्य समजतात. पडद्याच्या फटीतून पाहणे मात्र चालते. त्यामुळे गल्लीतल्या दोघातिघांनी बाईंना प्रत्यक्ष पाहिलेही होते. एकीच्या मते त्या ठेंगण्या होत्या, दुसरीच्या मते चांगल्या उंच. हॅलिवेल संध्याकाळी मुरंबा घरी नेत आणि शाल खांद्यावर घेऊन तो पावाला लावून खात. शाल त्यांना आखूड होती, पण उबदार होती.

आमंत्रणे नाकारायला कारण हवे, म्हणून त्यांनी बाईंना गुडघेदुखी दिली. ही चूक झाली. केल्डविकमध्ये माणूस धडधाकट असेपर्यंत त्याला कोणी विचारीत नाही. तो आजारी पडला की प्रार्थनामंदिरातल्या बायका भिंतीवर वारांची यादी लावतात आणि पाळीपाळीने समाचाराला येतात. बाईंच्या नावासमोर मंगळवारी इस्मे टॅटर्सल असे लिहिले गेले, कारण मंगळवारी पावाचे दुकान दुपारी एकला बंद होई.

पहिल्या मंगळवारी दोनच्या सुमाराला हॅलिवेल नऊ नंबरात नळ सोडत होते, तेव्हा दार वाजले. खिडकीतून इस्मेबाईंची टोपी दिसली. हॅलिवेल यांनी नळ बंद केला आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाला जमेल तितक्या चपळाईने ते ओट्यापासून निघून दारामागच्या बोळकंडीत जमिनीवर, दाराला पाठ लावून बसले. दारातल्या टपालाच्या फटीची झडप बाहेरून वर झाली.

“मिसेस प्रॉक्टर, नळाचा आवाज ऐकला मी. उठू नका, गुडघा दुखेल. मी इथूनच बोलते.”

आणि त्या बोलू लागल्या. आधी गुडघ्याला कोबीचे पान बांधावे इथपासून सुरुवात झाली. मग पावाच्या भट्टीचा त्रास आला. मग त्यांचे यजमान क्लिफर्ड आले, जे टेबलावरच्या रंगीत चेंडूंचा खेळ टीव्हीवर पाहत बसतात. दाराच्या आत, त्या फटीखाली वीतभर अंतरावर, हॅलिवेल श्वास रोखून बसले होते.

“क्लिफर्डला काहीही सांगितलं ना, की तो ‘बरं’ म्हणतो,” फट म्हणाली. “भट्टी पेटली, बरं. माझी बहीण गेली, बरं. तुम्ही निदान बरंसुद्धा म्हणत नाही. फार मोकळं वाटतं बघा.”

वीस मिनिटांनी झडप खाली पडली. हॅलिवेल यांचे पाय बधिर झाले होते, आणि तरी ते आणखी बराच वेळ उठले नाहीत. त्यांच्या आयुष्यात कोणी त्यांच्याजवळ इतका वेळ बोलले नव्हते. आपल्याशी नव्हे, बाईंशी बोलले, हे त्यांना कळत होते. पण ऐकणारे कान आपलेच होते, या मुद्द्यात काहीतरी दम आहे असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी व्हेरिटीबाईंनी इस्मेबाईंना पत्र लिहिले. बहिणीबद्दल चार शब्द लिहिले. क्लिफर्डबद्दल एक चिमटा काढला. त्यात व्याकरणाविषयी काहीही नव्हते. पुढचे तीन मंगळवार हॅलिवेल दोन वाजण्याच्या आधीच नऊ नंबरात जाऊन जमिनीवर उशी टाकून बसले. मंगळवारच्या गोळ्या आणायचे त्यांनी सोडून दिले. दोन्ही प्रकार ते शुक्रवारीच एकत्र घेऊ लागले.

चौथ्या मंगळवारी मात्र फटीतून वेगळाच सूर आला. इस्मेबाईंना काळजी वाटत होती. महिनाभर दार उघडता येत नाही असा गुडघा त्यांनी पाहिला नव्हता. शिवाय बर्निस टॉड यांना पहिल्या पानासाठी बाईंचा फोटो हवा होता. तेव्हा येत्या मंगळवारी आपण बर्निस, डॉक्टर आणि गरज पडल्यास कुलूप उघडणारा माणूस घेऊन येतो, असे त्या म्हणाल्या. “आता लाजू नका हं,” एवढे सांगून त्या गेल्या.

हॅलिवेल यांना तीन रात्री झोप लागली नाही. खरे सांगितले तर इस्मेबाई काय म्हणतील, हा विचार ते वाक्याच्या अर्ध्यापर्यंतच करू शकत. त्या महिनाभर आपल्या मनातले सगळे एका परक्या पुरुषाला सांगत होत्या, आणि तोही असा पुरुष, जो त्यांना गावात सर्वांत कमी आवडत होता. शेवटी त्यांनी ठरवले की व्हेरिटीबाईंनी वेल्समधल्या भाचीकडे कायमचे राहायला जावे. निरोपाचे पत्र त्यांनी लिहिले. त्यात बाईंनी इस्मेबाईंचे विशेष आभार मानले, आणि पत्ता कळवीन असे म्हटले. मंगळवारचा गप्पांचा वार टपालाने चालू राहील, अशी हॅलिवेल यांची योजना होती. योजना चांगली होती.

मंगळवारी सकाळी ते नऊ नंबरात गेले. मुरंब्याच्या बरण्या, शाल, उशी सगळे उचलले. बाई गेल्या म्हणताना घरमालकाचे सामान खिडकीतून तसेच दिसायला नको, म्हणून त्यांनी पुढच्या खोलीचे पडदे नीट ओढून घेतले आणि पत्र स्वच्छ उतरवायला ते आपल्या घरी आले.

दोन ओळी झाल्या असतील. त्यांनी मान वर केली तेव्हा सात नंबरचे पडदे ओढलेले दिसले. मग अकरा नंबरचे ओढले गेले. मग पाच, मग तेरा. दहा वाजता, लख्ख उजेडात, गल्लीची ती संपूर्ण बाजू डोळे मिटून उभी होती.

दिवसाउजेडी पुढचे पडदे ओढणे याचा केल्डविकमध्ये एकच अर्थ होतो, घरात कोणी वारले, आणि शेजाऱ्यांनी आपले पडदे ओढून त्या घराचे दुःख वाटून घ्यायचे, अशी पूर्वापार रीत आहे. हॅलिवेल याच गावात जन्मले आणि वाढले. त्यांच्या आईच्या वेळी सगळी गल्ली चार दिवस अंधारात बसली होती. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांचे पडदे उघडे आहेत की बंद, याने कोणाला काही फरक पडला नव्हता. त्यामुळे पडद्यांना काही अर्थ असतो हेच ते विसरून गेले होते.

ते तसेच सपाता घालून बाहेर धावले. इस्मेबाई दुकानातल्या एप्रनवरच नऊ नंबरसमोर उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते आणि हातांना पीठ होते.

“काय झालं?” हॅलिवेल यांनी विचारले.

“गेल्या त्या. आणि तुम्ही विचारताय काय झालं?” त्यांनी हॅलिवेल यांच्या घराकडे बोट दाखवले. “सगळ्या गल्लीनं पडदे ओढलेत. तुमचेच तेवढे उघडे आहेत. मेलेल्या माणसाशी तरी वैर धरू नये हो.”

खरे बोलण्याची वेळ हीच होती. हॅलिवेल यांनी तोंड उघडलेही. पण आजूबाजूला गल्लीतले सात-आठ जण टोप्या काढून उभे होते, आणि इस्मेबाई अशा रडत होत्या की त्यांचे रडणे चुकीचे आहे असे सांगणे हॅलिवेल यांच्याने होईना. भाची पहाटेच येऊन त्यांना घेऊन गेली, असे ते म्हणाले. अंत्यविधी वेल्समध्ये, घरच्या घरी. आपण खिडकीतून पाहिले. मग ते घरात गेले आणि त्यांनी स्वतःच तयार केलेल्या बाईंसाठी आपले पडदे ओढून घेतले. अंधारात बसल्यावर, काय आश्चर्य, त्यांनाही वाईट वाटू लागले.

शुक्रवारी मेसेंजरने काळ्या चौकटीत मजकूर छापला. त्याखाली अकरा पत्रे होती. वाद वादाच्या जागी असतो, पण काही सद्गृहस्थांच्या लेखणीला प्रकृतीचेही भान नसते, असा त्यांचा साधारण आशय होता. नाव एकानेही घेतले नव्हते. औषधांच्या दुकानातल्या मुलीने त्या दिवशी हॅलिवेल यांचे नाव इतक्या हळू घेतले, की त्यांना ते ओठांवरून वाचावे लागले. खाटकाने फळा पुसला. स्क्रँगची मते मांडणे आता शोभणारे नव्हते. घुबडवाल्या गृहस्थांनी आपले मत लेखी मागे घेतले.

पुढच्या शनिवारी प्रार्थनामंदिराच्या दालनात बाईंच्या स्मरणार्थ चहा ठेवला होता. जावे की न जावे या विचारात हॅलिवेल उशिरा पोहोचले आणि मागच्या खुर्चीवर बसले. खुर्च्या कमी पडल्या होत्या. एकामागून एक लोक उठून आठवणी सांगत होते. एका निवृत्त बसचालकाला बाई अठ्ठेचाळीस साली नदीवर भेटल्या होत्या; कुंपणाची फळी त्यानेच धरली होती. एका बाईंनी त्यांच्या हातचे बिस्कीट खाल्ले होते, त्यात आले किंचित जास्त असे. संपादक बर्निस यांना त्या फोनवर भेटल्या होत्या आणि त्यांचा आवाज खर्जातला होता. हॅलिवेल ऐकत राहिले. यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. आपण जन्माला घातलेली बाई, आणि तिचे आयुष्य आपल्यापेक्षा कितीतरी भरलेले. तिच्या स्मरणार्थ तीन प्रकारचे केक होते.

शेवटी इस्मेबाई उठल्या. त्यांना दोनच वाक्ये सांगता आली.

“त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. तीस वर्षं या गावात दुकान चालवतेय मी, पण माझं पूर्ण वाक्य ऐकून घेणारं माणूस मला एकच भेटलं.”

बर्निस टॉड यांनी मग खोलीच्या मागे पाहिले आणि मिस्टर हॅलिवेल यांना काही बोलायचे असल्यास संधी द्यावी, असे सुचवले. माना वळल्या. केल्डविकने त्यांच्याकडे एकत्र पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. खिशात खऱ्या हकिकतीचे टिपण होते. रात्रभर बसून केलेले, मुद्देसूद, अकरा कलमांचे. हॅलिवेल यांनी इस्मेबाईंकडे पाहिले. त्यांच्या हातात रुमाल होता आणि चेहऱ्यावर अजून ते शेवटचे वाक्य होते. ते वाक्य खोडणे म्हणजे काय, हे आयुष्यभर वाक्ये खोडलेल्या या माणसाला त्या क्षणी स्पष्ट दिसले.

“मिसेस प्रॉक्टर यांचंच बरोबर होतं,” ते म्हणाले. “स्क्रिंग्ड. मी माझा पक्ष मागे घेतो.” आणि ते खाली बसले. एक दोन जणांनी समजूतदारपणे मान हलवली. कोणीतरी केकची बशी त्यांच्यापर्यंत सरकवली. मग खोली पुन्हा बाईंविषयी बोलू लागली.

निघताना दारात त्यांची इस्मेबाईंशी गाठ पडली. हॅलिवेल यांनी आठवडाभर मनात घोळवलेले वाक्य एका दमात म्हणून टाकले: मंगळवारी दुपारी आपणही घरीच असतो, आणि कोणाला बोलायचे असेल तर आपणही ऐकू शकतो.

इस्मेबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “तुम्ही? तुम्ही दुसऱ्याच वाक्याला माझं क्रियापद धराल.”

“नाही धरणार.”

“बघू,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी दोन वाजता त्या आल्या. हॅलिवेल यांनी दोन कप मांडले होते, खुर्चीवर उशी ठेवली होती आणि पडदे पूर्ण उघडे ठेवले होते. इस्मेबाई टोपी न काढता खुर्चीच्या कडेवर बसल्या. आज थंडी आहे, असे त्या म्हणाल्या. हॅलिवेल काही बोलले नाहीत. तसे त्यांनी ठरवलेच होते. भट्टीची दुरुस्ती झाली, असे त्या म्हणाल्या. हॅलिवेल यांनी मानही हलवली नाही. हलवली तर बरं म्हटल्यासारखे होईल अशी त्यांना भीती वाटली. महिनाभर जसे बसत होते तसेच, श्वाससुद्धा बेतून, ते बसून राहिले. घड्याळ चालत होते. इस्मेबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, मग कपाकडे, मग खिडकीबाहेर. दहा मिनिटे झाली. पुढचे वाक्य काही आले नाही. चहावर साय धरली.

मग त्या उठल्या आणि त्यांनी हातमोजे चढवले.

“तुमचा दोष नाही, मिस्टर हॅलिवेल,” त्या आवाज मऊ करून म्हणाल्या. “मिसेस प्रॉक्टरही काही बोलायच्या नाहीत. पण त्यांचं न बोलणं फार वेगळं होतं.”

हॅलिवेल त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. हे विधान साफ चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे सिद्ध करणारा बिनतोड पुरावा साऱ्या जगात एकट्या त्यांच्याजवळ होता. दार उघडून धरत ते म्हणाले, “हो. त्यांची गोष्ट वेगळी होती.”